विश्लेषण : पडद्यावरच्या नोटा खऱ्या की खोट्या? चित्रीकरणासाठी नोटा छापण्याबाबत कायदा काय सांगतो?

सुटकेसमध्ये रचलेल्या गड्ड्या, कपाटातून ओसंडणारी रोकड, हवेत उधळलेल्या नोटा… चित्रपट आणि वेबमालिकांत पैसा हे जणू एक पात्रच असते. या नोटा बहुतेक वेळा खोट्या असतात, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. पण त्या किती खऱ्या दिसाव्यात आणि चित्रीकरण संपल्यावर त्या बाजारात शिरल्या तर जबाबदार कोण, हा प्रश्न सेटवरच्या कलाविभागापासून कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत अनेकांशी संबंधित आहे.

अहमदाबादच्या सराफाची फसवणूक कशी झाली?

सप्टेंबर २०२४ मध्ये अहमदाबादमधील एका सराफ व्यापाऱ्याने सुमारे १ कोटी ६० लाख रुपयांचे २ किलो १०० ग्रॅम सोने विकले. त्यापोटी १ कोटी ३० लाख रुपयांच्या नोटा हाती पडल्या. उरलेले ३० लाख घेऊन येतो, असे सांगून सोने घेऊन गेलेली मंडळी पुन्हा फिरकली नाहीत. गड्ड्या पाहिल्यावर ५०० रुपयांच्या त्या नोटांवर महात्मा गांधींच्या जागी अभिनेते अनुपम खेर यांचे छायाचित्र असल्याचे आणि ‘रिझर्व्ह बँक’ऐवजी ‘रिझोल बँक ऑफ इंडिया’ असे छापल्याचे लक्षात आले. खेर यांनी स्वत: समाजमाध्यमावर या प्रकाराबद्दल आश्चर्य व्यक्त केले.

ऐकताना हा किस्सा विनोदी वाटतो. पण व्यवहारात माणूस नोट वाचत नाही. रंग, आकार आणि गड्डीची ठेवण ओळखीची वाटली की नजर पुढे सरकते. पडद्यावरच्या नोटांचा सगळा खेळ माणसाच्या नेमक्या याच सवयीवर चालतो. म्हणूनच चित्रीकरणासाठी छापलेल्या नोटेकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात : कॅमेऱ्याला ती खरी वाटली पाहिजे आणि हातात घेणाऱ्याला ती खोटी आहे हे लगेच कळले पाहिजे.

चित्रीकरणात खऱ्या नोटा का वापरत नाहीत?

खरी नोट कॅमेऱ्यासमोर धरण्यात बेकायदा काही नाही. पानवाल्याला दहाची नोट देण्याच्या किंवा पाकिटातून पाचशेची नोट काढण्याच्या दृश्यात खरीच नोट वापरणे सोपे असते. अडचण येते ती रोकड मोठी असली की. सेटवर शंभर-दीडशे माणसांचा वावर असतो. एकच दृश्य पाच-दहा वेळा चित्रित होते आणि प्रत्येक वेळी नोटा मोजून परत घेणे शक्य नसते. शिवाय नोटा भिजवायच्या, जाळायच्या किंवा उधळायच्या असतील तर खऱ्या नोटांचा विचारच सोडावा लागतो.

त्यामुळे मराठी नाटक-सिनेमाच्या भाषेत ज्याला ‘प्रॉपर्टी’ म्हणतात, त्या सामानात नोटांच्या गड्ड्याही असतात. सर्वात जुनी युक्ती म्हणजे गड्डीच्या वर आणि खाली एकेक खरी नोट ठेवायची आणि मध्ये त्याच मापाचे कोरे कागद कापून भरायचे. वर बँकेची कागदी पट्टी लावली की दुरून फरक कळत नाही. दुसरा मार्ग म्हणजे लहान मुलांच्या खेळण्यातल्या नोटा आणणे. तिसरा मार्ग म्हणजे दृश्यासाठी खास नोटा छापून घेणे. अलीकडे उधळलेल्या नोटांपैकी बऱ्याचशा संगणकावर तयार केलेल्याही असतात.

खोट्या गड्ड्यांमुळे पडद्यावर आणखी एक गंमत होते. पाचशेच्या नोटांत एक कोटी रुपये म्हणजे २० हजार नोटा, अर्थात २०० गड्ड्या. एका नोटेचे वजन साधारण एक ग्रॅम धरले तरी हा ऐवज २० किलोच्या घरात जातो. शंभराच्या नोटांत हीच रक्कम एक लाख नोटांची आणि सुमारे १०० किलोची होते. जुन्या चित्रपटांतला खलनायक एक कोटींची ब्रीफकेस दोन बोटांनी उचलून टेबलावर सरकवत असेल, तर तिच्यात नोटांपेक्षा हवाच जास्त असणार!

जुन्या काळची गोष्ट सांगताना अडचण काय?

नोटांनाही इतिहास असतो. जानेवारी १९७८ मध्ये मोठ्या रकमेच्या नोटा चलनातून बाद झाल्यानंतर ऑक्टोबर १९८७ मध्ये पाचशेची नोट येईपर्यंत शंभराची नोट हीच देशातली सर्वात मोठी नोट होती. त्यामुळे १९८१ सालातील प्राप्तिकर छाप्याची गोष्ट सांगणाऱ्या ‘रेड’सारख्या (२०१८) चित्रपटात पाचशेची गड्डी दाखवली तर जाणकाराला ती लगेच खटकेल. ‘महात्मा गांधी मालिके’तील नोटा १९९६ मध्ये आल्या, तर हजाराची नोट २००० मध्ये परतली. २००५ नंतरच्या नोटांवर मागच्या बाजूला छपाईचे वर्ष असते. रुपयाचे नवे चिन्ह २०१० मध्ये स्वीकारले गेले आणि त्यानंतर ते नोटांवर आले. हर्षद मेहता प्रकरणावरच्या ‘स्कॅम १९९२’सारख्या मालिकेत आजची खरी नोट वापरली, तर ती खरी असूनही चुकीची ठरते.

त्यात ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने वेगळाच पेच निर्माण केला. अनुराग कश्यप यांच्या ‘चोक्ड’ (२०२०) या चित्रपटात सैयामी खेर हिने रंगवलेल्या मुंबईतील बँक कॅशियरला स्वयंपाकघरातल्या तुंबलेल्या नळीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या नोटा मिळू लागतात आणि मग नोटाबंदी जाहीर होते. अशी गोष्ट चित्रित करण्यासाठी जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा लागतात. मात्र बाद नोटांबाबत २०१७ मध्ये केलेल्या कायद्यानुसार कोणालाही अशा दहापेक्षा जास्त नोटा जवळ बाळगता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा नाणे-नोटा संग्रहासाठी ही मर्यादा २५ आहे. मर्यादा ओलांडल्यास दहा हजार रुपये किंवा बाळगलेल्या रकमेच्या पाचपट, यांतील जी रक्कम जास्त असेल तेवढ्यापर्यंत दंड होऊ शकतो. चित्रीकरणासाठी वेगळी सवलत या कायद्यात नाही. म्हणजे ज्या नोटेची आता बाजारात काहीच किंमत नाही, तिचीही एक गड्डी सेटवर ठेवता येत नाही. जुन्या नोटांची रास दाखवायची तर ती नकलीच असावी लागते.

भारतीय कायदा नेमके काय म्हणतो?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नोटांशी संबंधित गुन्हे कलम १७८ ते १८२ मध्ये आहेत. पूर्वी भारतीय दंड संहितेत नोटांसाठी कलम ४८९-अ ते ४८९-इ होती. बनावट नोट तयार करणे (कलम १७८), ती खरी म्हणून वापरणे (कलम १७९) आणि ती बनवण्याची साधने बाळगणे (कलम १८१) यांसाठी जन्मठेपेपर्यंत किंवा दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. बनावट नोट खरी म्हणून वापरण्याच्या इराद्याने जवळ बाळगल्यास (कलम १८०) सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

चित्रीकरणाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते कलम १८२. नोट असल्याचे भासवणारा, कोणत्याही प्रकारे नोटेसारखा दिसणारा किंवा फसगत व्हावी इतका तिच्याशी जुळणारा दस्तऐवज तयार करणे, करवून घेणे, कोणत्याही कारणासाठी वापरणे किंवा दुसऱ्याला देणे हा या कलमानुसार गुन्हा आहे. ‘कोणत्याही कारणासाठी’ या शब्दांत चित्रपटही येतो. शब्दश: अर्थ घेतला तर खेळण्यातली नोटही यातून सुटत नाही. मात्र शिक्षा आहे ती जास्तीत जास्त ३०० रुपये दंडाची. जुन्या कायद्यात ती १०० रुपये होती. थोडक्यात, नोटेसारखा कागद छापल्याचा दंड पाचशेच्या एका नोटेपेक्षाही कमी आहे.

एका टोकाला ३०० रुपये आणि दुसऱ्या टोकाला जन्मठेप, असे हे अंतर आहे. एखादी नोट यापैकी कुठे बसते, हे ठरते हेतूवरून आणि जाणिवेवरून. साम्याच्या आधारे फसवण्याचा हेतू असेल किंवा अशी फसवणूक होण्याची शक्यता आहे हे माहीत असेल, तर ते बनावटीकरण ठरते. त्यासाठी नक्कल हुबेहूब असण्याचीही गरज नाही, असे कायद्याच्या व्याख्येतच स्पष्ट केले आहे. ‘आम्ही तर चित्रपटासाठी छापल्या’ हे म्हणणे हेतूच्या प्रश्नाला उत्तर ठरू शकते. पण दोन्ही बाजू छापलेल्या, खऱ्या मापाच्या, कोणतीही खूण नसलेल्या नोटांचे खोके टेम्पोतून नेताना नाकाबंदीत सापडले, तर तो हेतू पोलिसांना पटवून देण्याची वेळ छोट्या निर्मात्याच्या कलाविभागातील एखाद्या सहाय्यकावर येते. प्रतिकृतीचा आकार केवढा असावा, एकच बाजू छापावी का, कोणता मजकूर असावा, याचे कोणतेही मोजमाप कलम १८२ मध्ये नाही.

अमेरिका आणि युरोपात नियम काय आहेत?

तिथे हे मोजमाप स्पष्ट आहे. अमेरिकेत १९९२ च्या कायद्यानुसार डॉलरच्या नोटेचे रंगीत चित्र छापायचे तर त्याची लांबी-रुंदी मूळ नोटेच्या तीन चतुर्थांशापेक्षा कमी किंवा दीडपटीपेक्षा जास्त हवी, ते एकाच बाजूला छापलेले हवे आणि काम झाल्यावर छपाईचे साचे व डिजिटल फाइल नष्ट करायला हव्यात. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या २०१३ च्या निर्णयानुसार युरोची एकतर्फी प्रतिकृती मूळ नोटेच्या लांबी-रुंदीच्या किमान १२५ टक्के किंवा कमाल ७५ टक्के असावी लागते. दोन्ही बाजू छापायच्या असतील तर ही मर्यादा किमान २०० टक्के किंवा कमाल ५० टक्के आहे.

हॉलीवूडचा या प्रश्नाशी संबंध शतकभर जुना आहे. १९१० मध्ये सुरू झालेल्या मेक्सिकन क्रांतीच्या काळात वेगवेगळ्या गटांनी आपापल्या नोटा छापल्या. पुढे त्या कवडीमोल झाल्या आणि सीमेपलीकडच्या चित्रपट कंपन्यांनी त्या स्वस्तात घेऊन पडद्यावर वापरल्या. अमेरिकी चलनाच्या प्रतिकृतींवर कडक निर्बंध असताना ही सोयीची पळवाट होती. मूकपटातल्या बँक दरोड्यात नोटा उधळल्या जात, त्या अनेकदा शेजारच्या देशातल्या रद्दी नोटा असत.

सर्वात गाजलेली घटना घडली ती ‘रश अवर २’ (२००१) या चित्रपटाच्या चित्रीकरणादरम्यान. लास वेगासमधील दृश्यासाठी शंभर डॉलरच्या खोट्या नोटा मोठ्या प्रमाणावर छापून त्या स्फोटात उडवण्यात आल्या. काही नोटा तिथल्या लोकांनी उचलल्या आणि दुकानांत खपवण्याचा प्रयत्न केला. बनावट चलनाविरोधात १८६५ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या ‘सीक्रेट सर्व्हिस’ने मग त्या नोटा जप्त केल्या आणि पुरवठादार कंपनीला बाहेर गेलेला माल परत मागवावा लागला. चित्रपटात नोटा जितक्या खऱ्या दिसल्या, तितकाच कंपनीचा तोटा वाढला.

आज तिथल्या पुरवठादार कंपन्या साधारण दोन प्रकारच्या नोटा ठेवतात. जवळून दाखवायची नोट तपशीलवार, पण एकाच बाजूला छापलेली असते. दुरून दिसणाऱ्या गड्ड्यांतील नोटा दोन्ही बाजूंनी छापलेल्या, पण ढोबळ असतात. त्यांच्यावर ‘केवळ चित्रपटातील वापरासाठी’ अशा अर्थाचा मजकूर असतो, शिवाय चेहऱ्यात आणि नक्षीतही बदल केलेला असतो. तरीही प्रश्न संपलेला नाही. ‘मूव्ही मनी’ किंवा ‘प्रॉप कॉपी’ असे स्पष्ट छापलेल्या युरो नोटा दुकानांतून खपवल्या जात असल्याचे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने गेल्या काही वर्षांत नोंदवले आहे. अहमदाबादचा अनुभव म्हणूनच एकट्या भारताचा नाही.

कायद्याबरोबरच तंत्रज्ञानानेही एक अडसर घातला आहे. अनेक देशांच्या नोटांवर छोट्या वर्तुळांची एक ठरावीक रचना असते. ती ओळखून रंगीत झेरॉक्स यंत्रे नक्कल काढण्यास नकार देतात. ‘फोटोशॉप’ या संगणकप्रणालीतही २००३ पासून नोटांची प्रतिमा ओळखून अडवण्याची सोय आहे.

पडद्यावर खरा पैसा कधी नष्ट केला गेला आहे का?

हो, पण तिथे खरेपणा हाच मुद्दा होता. फ्रेंच गायक सर्ज गेन्सबर्ग यांनी मार्च १९८४ मध्ये दूरचित्रवाणीच्या थेट कार्यक्रमात ५०० फ्रँकची खरी नोट पेटवली. आपल्या कमाईतील किती वाटा करापोटी जातो, हे त्यांना दाखवायचे होते. त्यावरून फ्रान्समध्ये मोठा गदारोळ झाला. २३ ऑगस्ट १९९४ रोजी ब्रिटनमधील ‘के फाउंडेशन’च्या बिल ड्रमंड आणि जिमी कॉटी या दोघा संगीतकारांनी स्कॉटलंडच्या जुरा बेटावर दहा लाख पौंड जाळले आणि त्याचे चित्रीकरण केले. पुढे हा चित्रपट ठिकठिकाणी दाखवताना लोक त्यांना एकच प्रश्न विचारत : का? नोटा खोट्या असत्या तर हा प्रश्न कोणाला पडलाच नसता.

महाराष्ट्राला खऱ्या पैशाच्या उधळणीची ओळख आहे ती तमाशाच्या फडातील दौलतजादेमुळे. आवडलेल्या लावणीसाठी रसिकाने पैसे देण्याची ही रीत तमाशापटांतूनही दिसत आली. यात्रेत प्रत्यक्षात दिलेला पैसा कलावंताच्या पोटापाण्याचा असतो. चित्रपटातल्या दृश्यात मात्र तो केवळ सजावट असतो. नोटांचे हार करू नयेत, मंडप सजवू नयेत, समारंभात नोटा उधळू नयेत, असे आवाहन रिझर्व्ह बँकेने ‘स्वच्छ नोट धोरणा’अंतर्गत वेळोवेळी केले आहे. नाण्यांबाबत तर २०११ च्या नाणे कायद्यात ती वितळवण्यास वा नष्ट करण्यास स्पष्ट मनाई आहे.

खोटी नोट बाजारात आली तर नुकसान कोणाचे?

जिच्या हातात ती शेवटी राहते, त्या व्यक्तीचे. फेब्रुवारी २०१७ मध्ये दिल्लीच्या संगम विहार भागातील एका एटीएममधून ‘चिल्ड्रन बँक ऑफ इंडिया’ असे छापलेल्या दोन हजारांच्या नोटा बाहेर आल्या. दोन हजारांची नोट तेव्हा नवी होती आणि लोकांची नजर तिला सरावलेली नव्हती. अशी संक्रमणाची वेळ खोट्या नोटा खपवणाऱ्यांना नेहमीच सोयीची असते.

बँकेच्या काउंटरवर बनावट नोट आढळली तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ती शिक्का मारून जप्त होते, ग्राहकाला पोचपावती मिळते, पण भरपाई मिळत नाही. एका व्यवहारात चारपर्यंत नोटा आढळल्यास पोलिसांना महिन्याचा एकत्रित अहवाल जातो, पाच किंवा अधिक असल्यास गुन्हा नोंदवला जातो. सराफाकडे निदान मोजणी यंत्र आणि वकील असतो. संध्याकाळच्या गर्दीत, बल्बच्या पिवळ्या उजेडात भाजी विकणाऱ्या बाईच्या गल्ल्यात पाचशेची एक खोटी नोट आली, तर तिची दिवसाची कमाई जाते आणि तक्रार करण्याइतका वेळही तिच्याकडे नसतो.

मग मार्ग काय?

नोट वाचण्याआधी तिला स्पर्श करणे, हा सर्वात सोपा उपाय. खरी नोट कापसापासून केलेल्या कागदावर छापलेली असते. नाशिक रोड, देवास, म्हैसूर आणि सालबोनी येथील छापखान्यांतून निघणाऱ्या या नोटांची छपाई काही ठिकाणी उठावदार असते. पाचशेच्या नोटेवर गांधीजींची प्रतिमा बोटांना जाणवते आणि दोन्ही कडांना पाच-पाच उठावदार तिरक्या रेषा असतात. नोट तिरपी केल्यावर सुरक्षा धाग्याचा हिरवा रंग निळा होतो आणि उजेडासमोर धरल्यावर जलचिन्ह दिसते. क्रमांकातील अंक डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. पडद्यासाठी छापलेल्या कागदाला यातले काहीच जमत नाही, कारण कॅमेऱ्याला बोटे नसतात.

चित्रपटसृष्टीसाठीही काही गोष्टी अवघड नाहीत. खऱ्या मापाची नोट दोन्ही बाजूंनी छापू नये, ठळक मजकूर आणि बदललेली नक्षी असावी, किती गड्ड्या छापल्या आणि किती परत आल्या याची नोंद ठेवावी आणि शेवटी त्या फाडून वा जाळून नष्ट कराव्यात. परदेशांत यातल्या बऱ्याच गोष्टी नियमाने ठरल्या आहेत. आकार आणि छपाईचे असे साधे मोजमाप भारतातही लिखित स्वरूपात आले, तर कलाविभागाला आपण ३०० रुपयांच्या दंडाच्या बाजूला आहोत की जन्मठेपेच्या, हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही. आणि चित्रीकरणाच्या सेटवरून सुटलेली एखादी नोट भाजीवालीच्या गल्ल्यापर्यंत पोहोचण्याआधीच ओळखता येईल.